पाटल्या कुणाच्या?

ती दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पोलीस खात्यात इतकी वर्षे काढल्यावर गुन्हे एकमेकांत मिसळून जातात. कुठल्या चोरीतला कुठला आरोपी, हेही धड सांगता येत नाही. ही एक चौकशी मात्र आठवली की आधी उजेड आठवतो. खाडीवरून येणारा, पांढरट, डोळे अर्धे मिटायला लावणारा उजेड, आणि त्या उजेडात गॅलरीच्या कठड्याला टेकून अगदी हळू आवाजात बोलणारी एक सून. आपण जागे असून कुणाचे तरी स्वप्न ऐकत आहोत, असे मला तेव्हा वाटले होते.

मी त्या वेळी ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. नावे कुणाचीच सांगणार नाही. ती माणसे आजही याच भागात राहतात, मंडईत समोर आली तर मान हलवून पुढे जातात.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार डायरीत नोंद करत होते. एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी आत आले. गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणे स्वच्छ. घरातले सोने कुणीतरी बदलले आहे, अशी त्यांची तक्रार होती. मुलीचे लग्न ठरले होते. तिच्यासाठी नवीन घडणीचे दागिने करायचे म्हणून त्यांनी कपाटातले जुने सोने काढून नेहमीच्या सराफाकडे नेले. पाटल्या, तोडे, गोफ आणि एक मोहनमाळ. सराफाने पाटली कसोटीवर घासली, पुन्हा घासली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. सगळा माल खोटा होता. वर नुसते सोन्याचे पाणी.

गुन्हा नोंदवून मी पंचनाम्याला त्यांच्या घरी गेलो. कुलूप शाबूत, कडी शाबूत. कपाट गृहस्थांच्या पत्नीच्या, म्हणजे त्या सुनेच्या सासूबाईंच्या खोलीत आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. बैठकीत मोठा सोफा होता, त्याची प्लास्टिकची आवरणे अजून काढलेली नव्हती. टीव्ही, फ्रिज, काचेचे शोकेस, सगळे चकचकीत. मी सहज पाहत होतो तर बाई म्हणाल्या, हे सगळं मुलाच्या लग्नात आलेलं. आलेलं, हा शब्द मला तेव्हा खटकला नाही. वस्तू जणू आपल्या पायांनी जिना चढून आल्या होत्या.

त्यांचा संशय स्वयंपाकाच्या बाईंवर होता. अशा तक्रारीत पहिले बोट तिकडेच जाते. त्या बाईंना आमच्या महिला हवालदारांनी ठाण्यात आणले. मी बराच वेळ प्रश्न विचारले. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. सोने खोटे निघाल्याची ओरड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्या कामावर गेल्या होत्या आणि भात किती लावू म्हणून विचारले होते. घरात एवढा गोंधळ चालू असताना भाताचे विचारणारा माणूस माझ्या अनुभवात चोर नसतो. चोर एकतर येत नाही, नाहीतर गोंधळाबद्दलच जास्त बोलतो. दिवस मावळायच्या आत आम्ही त्यांना घरी सोडले. पण त्यांच्या चाळीत बातमी आधीच पोचली होती, आणि पोलिसांनी सोडले ही बातमी पोलिसांनी नेले या बातमीइतकी लांब जात नाही.

मग नेहमीचे काम सुरू झाले. मुलाच्या लग्नाच्या अल्बममधून दागिन्यांचे फोटो घेतले आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सराफांकडे फिरवले. काही दिवस काहीच हाती लागले नाही. एका सकाळी डोंबिवलीहून फोन आला. फोन करणारा खोट्या दागिन्यांचा कारागीर होता. शेजारच्या सराफाकडे त्याने तो फोटो पाहिला होता आणि तो घाबरला होता.

तो म्हणाला, “साहेब, माल माझ्या हातचा आहे. पण चोरीचं मी काय केलेलं नाही. एक ताई यायच्या. खऱ्या पाटल्या समोर ठेवून बोलायच्या, अशाच करून द्या. मी बोललो पण, ताई, खरं असताना खोटं कशाला? तर नुसत्या हसल्या.”

मी त्याला विचारले, त्या कधी यायच्या. नक्की तारखा त्याला आठवेनात. सणासुदीच्या आसपास, एवढेच म्हणाला. कधी पाडवा झाल्यावर, कधी दिवाळीनंतर.

मी पुन्हा सासूबाईंना भेटलो आणि एकेक दागिना शेवटचा कपाटाबाहेर कधी निघाला ते विचारले. पाटल्या पाडव्याला. गोफ धाकट्या पुतण्याच्या लग्नाला. तोडे दिवाळीत. मोहनमाळ हळदीकुंकवाला. सांगताना त्या प्रत्येक वेळी म्हणत होत्या, सुनेला घातला होता. दागिने सुनेचेच, पण ते सासूच्या कपाटात राहत. सणाला अंगावर घालायला मिळत आणि एकदोन दिवसांनी परत जात. ही रीत कितीतरी घरांत आहे, तिच्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मला त्याच क्षणी उलगडा झाला. दागिने कपाटातून खरे निघत होते आणि खोटे परत येत होते. दागिने चोरणाऱ्याला फार घाई असते. इथे घाई कुठेच नव्हती. एखादी बाई विणकाम करते तशा संथपणे हे काम झाले होते.

दुपारी मी हवालदारबाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. सासू-सासरे लग्नाच्या हॉलचे बघायला बाहेर गेले होते. सुनेने दार उघडले, आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली तिवरांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे खाडीचे पाणी, भरती की ओहोटी तेही कळू नये इतके स्तब्ध. मी खिशातून पाटल्यांचा फोटो काढून दाखवला तसे तिने मान हलवली. नाकारायचा प्रयत्नही केला नाही. हवालदारबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि मी जरा मागे सरलो. पुढचे तिने खाडीकडे बघत सांगितले.

तिचे माहेर डोंबिवलीचे. वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मशीनवर होते. दोघी बहिणी, ही मोठी. लग्न ठरले तेव्हा सासरच्यांनी तोंडाने काहीच मागितले नाही. तुमच्या हौसेने करा, म्हणाले. फक्त मोठ्या पुतण्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी काय काय केले, ते बोलता बोलता सांगितले. वडिलांना तेवढे पुरले. फंड काढला. तो अपुरा पडला तेव्हा राहती खोली पतपेढीकडे गहाण टाकली. सोने, सामान, जावयाच्या गाडीची सुरुवातीची रक्कम, सगळे त्यातून झाले. धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण फी भरायची वेळ आली तेव्हा घरात काही उरले नव्हते. ती एका कपड्यांच्या दुकानात उभी राहिली. मोठीला यातले फारसे कुणी कळू दिले नाही. निवृत्त झाल्यावर ठाण्यात एका ऑफिसात सुपरवायझरचे काम मिळाले आहे, असे वडिलांनी तिला सांगितले होते.

एका संध्याकाळी ती आणि तिचा नवरा घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या संकुलात बारशाला गेले. नवऱ्याच्या मित्राच्या मुलीचे बारसे होते. फाटकावर गाडी थांबली. पहारेकऱ्याने अडसर वर केला आणि सलाम ठोकला. नवरा समोर बघत होता. तिने मात्र तो हात पाहिला. करंगळी आत वळलेली होती. कारखान्यात मशीनमध्ये सापडून वाकलेली ती करंगळी धरून ती लहानपणी शाळेत गेली होती.

ती म्हणाली, “त्यांनी मला ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच खाली बघितलं. सलाम मला नव्हता, साहेब. गाडीला होता.”

वर गेल्यावर बायका पाळणा म्हणत होत्या, एकीने हिच्या हातात बाळ दिले. गाणे लांबून येत आहे, बाळाला वजनच नाही, आपले पाय जमिनीला लागत नाहीत, असे तिला वाटत राहिले. परत निघाले तेव्हा फाटकावर दुसरा माणूस होता. मग आपण जे पाहिले ते खरे होते की भास, हा तिचा घोळ बरेच दिवस सुटला नाही. दुपारी आडवी झाली की तो हात वर जाताना दिसायचा. शेवटी तिने धाकट्या बहिणीला विचारले आणि बहीण रडली. त्यानंतर पाडवा आला, सासूने पाटल्या काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन येते म्हणून ही डोंबिवलीला गेली. तिथल्या गर्दीच्या रस्त्यावर आपण चालत नव्हतो, आपल्याऐवजी दुसरीच कुणी चालत होती, असे तिने सांगितले. एकेक दागिना तिने विकला आणि पतपेढीत वडिलांच्या खात्यावर भरत गेली. कुणी भरले असे वडिलांनी विचारले, तर जावयांनी, असे सांगायला तिने तिथल्या माणसाला विनवले होते.

बोलून झाल्यावर तिने एकच मागणे मागितले. मला काय करायचं ते करा, पण माझ्या वडिलांना सांगू नका.

आमच्या हवालदारबाई माझ्यामागून जिना उतरल्या. त्या खाडीकाठच्या एका जुन्या गावातल्या, मिठागरात राबलेल्या घरातल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, “आमच्या आजीच्या टायमाला पोराकडचे द्यायचे, साहेब. जमिनी विकल्या, पैसा आला, आणि त्याच्याबरोबर हे पण आलं.”

आता प्रश्न कायद्याचा होता. लग्नात मुलीला दिलेले दागिने हे तिचे स्त्रीधन. स्वतःची वस्तू विकणारा माणूस चोर ठरत नाही. पण दागिने नेमके कुणाला दिले होते, हे दिलेल्या माणसाच्या तोंडून यायला हवे होते. म्हणजे वडिलांचा जबाब घेणे भाग होते. मी तिच्या नवऱ्याला ठाण्यात बोलावले आणि बायकोने सांगितलेले सगळे त्याच्या कानावर घातले. तो खासगी कंपनीत नोकरी करणारा, मऊ स्वभावाचा मुलगा. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, मीही येतो.

आम्ही साध्या कपड्यांत घोडबंदर रस्त्यावरच्या त्या संकुलाच्या फाटकावर गेलो. जावयाला गाडीतून उतरताना पाहून वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती पाठीमागे धरली. माझी ओळख करून दिल्यावर ते अधिकच गोंधळले. मी साधे विचारले की लग्नात दागिने कुणाला दिले होते.

ते म्हणाले, “मुलीला. बाप आणखी कुणाला देणार?”

हे एक वाक्य मला हवे होते. त्यांच्या बोलण्याने मुलगी सुटत होती याची त्यांना कल्पना नव्हती. मी वही मिटणार तोच ते जावयाकडे वळले आणि हात जोडले. जावईबापू देवमाणूस आहेत, असे ते मला सांगू लागले. माझं सगळं कर्ज गुपचूप फेडलं, मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, असा जावई नशिबानेच मिळतो. मी विचारले, कर्ज फिटले तर मग अजून इथे उभे का? त्यावर ते हसले. धाकटी आहे ना साहेब, म्हणाले. तिच्यासाठी आतापासून जमवायला हवं.

जावई खाली मान घालून उभा होता. मी त्याच्याकडे पाहत होतो. न केलेल्या गोष्टीचे श्रेय माणूस सहसा सोडत नाही, आणि इथे तर ते नाकारायची गरजही नव्हती. बायकोने स्वतःच ते त्याच्या नावावर ठेवले होते.

तो म्हणाला, “बाबा, मी काही भरलेलं नाही. तिनं भरलं. तिचे दागिने विकून.”

तेवढ्यात एक गाडी आली आणि हॉर्न वाजला. वडील गेले, अडसर वर केला, सलाम केला, अडसर खाली घेतला आणि परत आले. चेहरा तसाच होता, फक्त टोपी घालायची राहून गेली होती.

“मग तिच्या अंगावर आता काय आहे?” त्यांनी विचारले.

  समोर उंच इमारतींच्या काचांवर ऊन पेटले होते आणि वरच्या कुठल्या तरी घरात कुणी पेटीवर सूर शोधत होते. 

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना ठाण्यात बोलावले. पत्नी आणि लग्न ठरलेली मुलगी, दोघी त्यांच्याबरोबर आल्या. मुलाने घरी आधीच सगळे सांगितलेले दिसत होते. मी चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला.

“पाटल्या कुणाच्या?”

ते म्हणाले, आमच्या. मी विचारले, केल्या कुणी? म्हणाले, सुनेच्या वडिलांनी, लग्नात. मी म्हणालो, सुनेला दिल्या असतील तर त्या तिच्या, तिने विकल्या, चोरी झालीच नाही. तुम्हाला दिल्या असतील तर तसा जबाब द्या, मग मला हुंडाबंदी कायद्याखाली दुसरा गुन्हा लिहावा लागेल. कुठला कागद लिहू ते तुम्ही सांगा.

चहा निवत गेला. ते वाईट गृहस्थ नव्हते. सुनेवर कधी हात उचलला नव्हता, तिला कधी उपाशी ठेवले नव्हते. सुनेला विचारले तर तीही हेच सांगत होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ठेवी मोडून झाल्या, साहेब. गावची जागा विकली. आता मी माझ्या मुलीला काय देऊ?”

तेव्हा मला ते सोने पहिल्यांदा पूर्ण दिसले. डोंबिवलीच्या खोलीतून निघून ते ठाण्याला आले होते, ठाण्याहून वितळून आणखी कुठल्या घरी जाणार होते, आणि तिथेही एखादी मुलगी मोठी होतच असणार. ज्या घरातून जाई त्या घरातले पुंजी म्हणून जे काही असेल ते ओढून नेई आणि ज्या घरात येई तिथेही थांबत नसे. घेणाराही दुसऱ्या दारात देणारा होऊन उभाच होता.

मग त्यांची मुलगी पुढे झाली. ती म्हणाली की वहिनीचे सोने उरले असते तरी ते अंगावर घालून तिला जायचे नव्हते, वितळवून तर नाहीच, आणि आता दुसरेही नको. वडिलांनी तिकडच्यांना फोन करून तसे कळवावे. त्यांना चालत असेल तर त्यांनी यावे. आईने तिचा दंड धरला. मुलीने तो हळूच सोडवला.

सासऱ्यांनी जबाब दिला की दागिने सुनेचे होते, तक्रार गैरसमजातून झाली. आम्ही न्यायालयात तसा अहवाल पाठवला. खात्याच्या भाषेत त्याला सी समरी म्हणतात. म्हणजे तक्रार खोटी नाही, पण गुन्हा घडलेलाही नाही, समजुतीची चूक. न्यायालयाने तो मान्य केला. जप्त केलेला मुद्देमाल परत करायचा होता, म्हणजे ते खोटे दागिने. मी तक्रारदाराला विचारले, कुणाच्या ताब्यात देऊ? सासऱ्यांनी सुनेकडे हात केला. तिने पावतीवर सही केली, पाटल्या तिथेच टेबलापाशी हातात चढवल्या आणि निघाली. मुद्दाम दाखवायला केल्यासारखे काही नव्हते त्यात; आपली वस्तू आपण घालावी तसे.

सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. मुलीचे ते लग्न मोडले. वर्षभराने दुसरीकडे झाले. तिथे काय दिले-घेतले ते मला माहीत नाही, मी विचारलेही नाही. स्वयंपाकाच्या बाईंकडे सासूबाई स्वतः गेल्या, पण त्या पुन्हा त्या घरी कामाला आल्या नाहीत. जावयाने गाडी विकली. ते पैसे तिच्या वडिलांनी घेतले नाहीत, तेव्हा धाकट्या मेहुणीने ते हक्काने घेतले आणि नर्सिंगची फी भरली. आज ती कल्याणच्या एका रुग्णालयात आहे. वडिलांना तिने ठणकावून सांगितले होते की माझ्यासाठी फाटकावर उभे राहायचे असेल तर मी लग्नच करणार नाही.

हुंड्याची प्रकरणे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यांत बहुतेकदा जळालेले किंवा बुडालेले शरीर असते आणि पंचनामा तिथून सुरू होतो. या प्रकरणात कुणी मेले नाही, कुणी कुणाला मारले नाही, कुणी तोंडाने मागितलेसुद्धा नाही. तरी एका बापाचे म्हातारपण, एका मुलीचे शिक्षण आणि दोन घरांची आयुष्यभराची शिल्लक त्यात गेली. गुन्हा होता, पण आरोपीच्या रकान्यात कुणाचे नाव लिहावे ते मला उमगले नाही. त्यानंतर कुठल्याही घरात शिरल्यावर मी कुलूप-कडी नंतर पाहू लागलो. या घरातल्या वस्तूंसाठी कुठले घर रिकामे झाले असेल, ते आधी मनात येई.

निवृत्तीनंतर एकदा खडवलीला गेलो होतो. त्या सुनेचे वडील आता तिथे आपल्या मेहुण्याच्या घरामागच्या खोलीत राहतात असे कळले होते. डोंबिवलीची खोली त्यांनी भाड्याने दिली होती, त्यावर त्यांचे भागत होते. घरी विचारले तर नदीवर गेलेत म्हणाले. मी उतरून गेलो. भातसा संथ वाहत होती, पाण्यावर झाडांच्या सावल्या हलत होत्या आणि काठच्या एका झाडाखाली सदरा गुंडाळून उशाला घेतलेला, तोंड किंचित उघडे ठेवून झोपलेला एक म्हातारा माणूस होता. भर दुपारी, कशाचीही वाट न पाहणारी झोप.

पोलिसाने जन्मभर लोकांना झोपेतून उठवलेले असते. मी चपला काढून हातात घेतल्या आणि वाळूवरून मागे फिरलो.